खरा ठरूनही हरलेला डिटेक्टिव्ह

स्कॉटलंड यार्ड हे नाव उच्चारले की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर धुक्यातले लंडन, घोडागाडी आणि कोणत्याही गुन्ह्याचा छडा लावणारे चाणाक्ष अधिकारी उभे राहतात. या प्रतिमेचा पाया ज्या मोजक्या माणसांनी घातला, त्यांत जोनाथन व्हिचर यांचे नाव फार वरचे आहे. सहकारी त्यांना डिटेक्टिव्हांचा राजा मानत. पण ज्या प्रकरणामुळे हे नाव आजही घेतले जाते, त्याच प्रकरणाने त्यांची कारकीर्द संपवली. त्यांनी खुनी व्यक्ती बरोबर ओळखली होती. तेवढ्याने मात्र त्या काळी, किंवा कोणत्याही काळी, पोलीस अधिकाऱ्याचे भागत नाही.

व्हिचर यांचा जन्म १८१४ मध्ये दक्षिण लंडनच्या कँबरवेल भागात झाला. वडील माळीकाम करीत. घरची परिस्थिती बेताची, शिक्षण कामापुरते. काही काळ मजुरी केल्यानंतर १८३७ मध्ये ते लंडनच्या महानगर पोलीस दलात शिपाई म्हणून भरती झाले. दल स्थापन होऊन तेव्हा जेमतेम आठ वर्षे झाली होती आणि लोकांचा त्यावर विश्वास बसलेला नव्हता. वर्दीतला पोलीस लोकांनी कसाबसा स्वीकारला होता. साध्या कपड्यातला पोलीस म्हणजे मात्र सरकारी हेर, असा समज घट्ट होता. फ्रान्समधल्या हेरगिरीच्या कथा इंग्रजांच्या कानांवर आल्या होत्या आणि आपल्या घरात तसले काही नको, अशी मध्यमवर्गाची ठाम धारणा होती.

१८४२ मध्ये डॅनियल गुड नावाचा खुनी पोलिसांच्या हातावर तुरी देऊन कित्येक दिवस फिरत राहिला, तेव्हा पोलिसांची बरीच नाचक्की झाली. त्याच वर्षी आयुक्तांनी एक छोटी डिटेक्टिव्ह शाखा सुरू करण्याची परवानगी मिळवली. दोन निरीक्षक आणि सहा सार्जंट, एवढीच तिची ताकद. एवढ्या मोठ्या शहरासाठी आठ माणसे! व्हिचर या पहिल्या आठांपैकी एक होते.

ही माणसे एकाच कार्यालयात बसत, एकमेकांच्या प्रकरणांत मदत करीत, एकमेकांचे खबरे ओळखत. बाहेरच्या जगाला ती नकोशी होती. वर्दीतले पोलीसही त्यांच्याकडे असूयेने पाहत, कारण त्यांना पगार अधिक मिळे, बक्षिसे मिळत आणि वर्तमानपत्रांत नावे येत. अशा स्थितीत या आठ-दहा जणांत जी घट्ट वीण तयार झाली, ती पुढच्या सगळ्या घटनांच्या मुळाशी आहे.

या शाखेला प्रतिष्ठा मिळवून दिली ती चार्ल्स डिकन्स यांनी. १८५० मध्ये त्यांनी या अधिकाऱ्यांना आपल्या साप्ताहिकाच्या कचेरीत बोलावले, गप्पा मारल्या आणि त्यावर लेख लिहिले. नावे किंचित बदललेली होती, पण ओळखणाऱ्याला अडचण नव्हती. चार्ल्स फील्ड, स्टीफन थॉर्नटन आणि व्हिचर ही तिन्ही माणसे त्या लेखांत भेटतात. व्हिचर यांचे वर्णन ठेंगणे, भरल्या अंगाचे, चेहऱ्यावर देवीचे वण असलेले आणि मनातल्या मनात सतत काही हिशेब मांडत असल्यासारखे दिसणारे, असे आहे. शांत, मितभाषी, गर्दीत विरघळून जाणारा हा माणूस घोडेचोरापासून खिसेकापूपर्यंत सगळ्यांची चाल ओळखून होता.

त्यांची पद्धत चिकाटीची होती. १८५१ मध्ये व्हिचर आणि त्यांचे सहकारी लुंड यांना लंडनच्या मॉल या रस्त्यावर दोन जुने गुन्हेगार बाकावर बसलेले दिसले. त्यांची नजर जवळच्या एका बँकेवर होती. व्हिचर यांनी त्यांना लगेच हटकले नाही. आठवड्यामागून आठवडे त्यांनी पाळत ठेवली आणि पैशाची पेटी घेऊन ते बाहेर पडले तेव्हाच मुद्देमालासह त्यांना पकडले. कामगिरी चोख होती. तरीही, गुन्हा घडू का दिला, आधीच का रोखला नाही, असा सूर निघालाच. पोलिसाने वाट पाहिली तरी दोष आणि घाई केली तरी दोष, हा धडा त्यांना तेव्हाच मिळाला असावा.

१८५६ मध्ये ते निरीक्षक झाले. फील्ड निवृत्त झालेले होते, त्यामुळे शाखेत थॉर्नटन आणि व्हिचर हेच ज्येष्ठ. त्यांच्या हाताखाली जी तरुण माणसे तयार होत होती, त्यांत फ्रेडरिक अ‍ॅडॉल्फस विल्यमसन नावाचा एक सार्जंट होता. सगळे त्याला डॉली म्हणत. वडील पोलीस अधीक्षक, स्वतः वाचनाची आवड असलेला, फुलझाडांत रमणारा, थोडा विचारमग्न वाटावा असा हा तरुण होता. व्हिचर हे त्याचे गुरू आणि पुढे आयुष्यभराचे मित्र झाले.

३० जून १८६० ची सकाळ उजाडली ती विल्टशायर आणि सॉमरसेट या परगण्यांच्या सीमेवरच्या रोड नावाच्या खेड्यात. तिथल्या रोड हिल हाउस या प्रशस्त घरात कारखाना निरीक्षक सॅम्युअल केंट यांचे मोठे कुटुंब राहत होते. त्या सकाळी त्यांचा चार वर्षांचाही न झालेला मुलगा सॅव्हिल पाळण्यात नव्हता. शोधाशोध झाली, तेव्हा आवारातल्या, नोकरांच्या वापराच्या शौचकूपात त्याचा गळा चिरलेला मृतदेह सापडला. घराला बाहेरून कुणी फोडलेले नव्हते. खुनी घरातलाच होता.

त्या घराचा इतिहास गुंतागुंतीचा होता. केंट यांच्या पहिल्या पत्नीचे मन ताळ्यावर नसल्याचे सांगितले जाई. तिच्या हयातीत मुलींना शिकवायला आलेली मेरी प्रॅट हळूहळू घराची सूत्रे हाती घेऊ लागली आणि पहिली पत्नी १८५२ मध्ये वारल्यावर पुढच्याच वर्षी केंट यांनी तिच्याशी लग्न केले. सॅव्हिल हा या दुसऱ्या लग्नाचा मुलगा. पहिल्या लग्नाची सोळा वर्षांची कॉन्स्टन्स आणि तिच्याहून वर्षभराने लहान विल्यम यांना नव्या व्यवस्थेत दुय्यम वागणूक मिळत होती. १८५६ मध्ये ही दोघे घरातून पळून गेली होती. कॉन्स्टन्सने आपले केस कापून मुलाचा वेश घेतला आणि कापलेले केस नि आपले कपडे त्याच शौचकूपात टाकले, जिथे चार वर्षांनी सॅव्हिलचा देह मिळाला.

तपास आधी स्थानिक पोलिसांकडे होता. अधीक्षक जॉन फोली हे त्याचे प्रमुख. केंट हे प्रतिष्ठित गृहस्थ असल्याने त्यांच्या घरात वावरताना पोलीस दबून होते. पहिल्या रात्री दोन शिपाई पहाऱ्यासाठी स्वयंपाकघरात ठेवले, तर केंट यांनी बाहेरून कडी घालून त्यांना आत कोंडून टाकले. ही गोष्ट पुढे उघड झाली तेव्हा सगळ्या देशाने डोक्याला हात लावला. फोली यांचा संशय दाई एलिझाबेथ गॉफ हिच्यावर होता. दोन आठवडे गेले, काहीच निष्पन्न होईना आणि वर्तमानपत्रांचा आवाज वाढू लागला. स्थानिक दंडाधिकाऱ्यांनी लंडनहून डिटेक्टिव्ह मागवला. पोलीस आयुक्त सर रिचर्ड मेन आधी नाखूश होते, कारण परगण्यांना आता स्वतःचे पोलीस दल होते आणि त्यांच्या हद्दीत पाऊल टाकणे म्हणजे भांडण ओढवून घेणे. शेवटी गृहमंत्र्यांच्या आदेशाने त्यांनी आपला सर्वांत उत्तम माणूस पाठवला.

व्हिचर १५ जुलै रोजी रोडला पोहोचले. पुरावे जवळपास नाहीसे झाले होते. स्थानिक पोलीस त्यांच्याकडे संकट म्हणूनच पाहत होते. लंडनच्या माणसाने येऊन उत्तर शोधले तर आपली दोन आठवड्यांची अक्कल चव्हाट्यावर येणार, हे कुणाला समजत नव्हते? मदतीचे हात पुढे आले, पण ओढून-ताणून. व्हिचर यांनी लंडनहून साहाय्यक मागितला आणि मेन यांनी विल्यमसन यांना पाठवले.

व्हिचर यांनी घरातले सगळे कपडे आणि त्यांची यादी पाहिली. त्यात त्यांना एक बारीकशी गोष्ट खटकली. कॉन्स्टन्सच्या यादीत रात्री घालायचे तीन झगे होते, प्रत्यक्षात दोनच मिळाले. तिसरा परटिणीकडून हरवला, असे सांगितले जात होते. परटीण मात्र तो आपल्याकडे आलाच नाही, यावर ठाम होती. खुनानंतरच्या सोमवारी धुण्याची टोपली भरली जात असताना कॉन्स्टन्स तिथे आली होती, आपली पैशांची थैली पाहायची म्हणून तिने टोपलीतले कपडे चाळले होते आणि मोलकरणीला पाणी आणायला खाली पाठवले होते. व्हिचर यांनी त्यावरून एक अंदाज बांधला. स्वच्छ झगा आधी मोजणीत दाखवून टोपलीत टाकायचा, मोलकरीण पाठमोरी झाली की तो परत काढून घ्यायचा आणि रक्ताने माखलेला झगा नष्ट करून टाकायचा. मग हरवल्याचा दोष परटिणीवर जाणार आणि झग्यांची संख्या पुन्हा जुळणार.

तर्क सुरेख होता. पुरावा म्हणून मात्र त्यांच्या हाती फक्त एक अनुपस्थित वस्त्र होते. २० जुलै रोजी त्यांनी कॉन्स्टन्सला अटक केली आणि आठवडाभरात अधिक काही मिळेल अशी आशा धरली. विल्यमसन आणि ते झगा शोधत राहिले. तो मिळाला नाही. २७ जुलै रोजी सुनावणी झाली. तिच्या शाळेतल्या मैत्रिणींना साक्षीला आणले गेले. तिच्या वकिलांनी या शोधावर आणि तो घेणाऱ्यावर घणाघाती हल्ला केला. एका सभ्य घरातल्या कोवळ्या मुलीला एका झग्याच्या हिशेबावरून तुरुंगात डांबणारा हा लंडनचा माणूस कोण, असा सूर त्या सभागृहात घुमला. दंडाधिकाऱ्यांनी कॉन्स्टन्सला हमीवर सोडून दिले आणि उपस्थितांनी जल्लोष केला. दुसऱ्या दिवशी व्हिचर लंडनला परतले.

खरी परीक्षा त्यानंतर सुरू झाली. वर्तमानपत्रांनी त्यांना झोडपले, संसदेत त्यांच्या वर्तनावर प्रश्न उपस्थित झाले. माळ्याच्या मुलाने भल्या घरच्या कन्येवर हात टाकला, हाच रोष या टीकेच्या तळाशी होता. त्या घरच्या बाईसाहेबांचे कपाट उघडून आतली वस्त्रे मोजणारा पोलीस ही कल्पनाच इंग्रज मध्यमवर्गाला असह्य होती. त्यामुळे घरातल्या नोकरमाणसावर, म्हणजे दाईवर संशय घेणे बहुतेकांना अधिक सोयीचे वाटले. स्थानिक पोलिसांनी काही आठवड्यांतच गॉफला अटक केली. तिच्याविरुद्धही काही टिकले नाही आणि तीही सुटली.

व्हिचर यांच्याविरुद्ध सर्वांत मोठा अन्याय मात्र त्या उन्हाळ्यात कुणालाच माहीत नव्हता. तो नोव्हेंबर १८६० मध्ये एका वेगळ्याच चौकशीत बाहेर आला. खून झाला त्याच दिवशी फोली यांच्या शिपायांना स्वयंपाकघरातल्या भट्टीच्या कोनाड्यात रक्ताने भरलेला एक बायकी अंगरखा सापडला होता. फोली यांनी तो पाहिला, हा बायकांचा नाजूक विषय आहे असे ठरवून लाजेने तो बाजूला सारला आणि कुणालाही त्याची कल्पना दिली नाही. पुढे तो वस्तुपुरावाच नाहीसा झाला. दंडाधिकाऱ्यांना याची माहिती नव्हती आणि व्हिचर यांनाही नव्हती. झगा हरवला म्हणून ते मुलीला दोषी ठरवू पाहत होते आणि रक्ताचा कपडा सापडल्याची बातमी त्यांच्यापासून जवळच्याच माणसांनी लपवली होती. अनेक शिपायांना ही गोष्ट ठाऊक होती. पाच महिने त्यांतला एकजणही बोलला नाही.

ही गुप्तता कशासाठी, हा प्रश्न त्या काळातही विचारला गेला. फोली बेइमान होते असे म्हणण्यास आधार नाही. त्यांनी बहुधा चूक केली आणि नंतर ती मान्य करण्याचे धैर्य त्यांना झाले नाही. खालच्या शिपायांनी साहेबांसाठी तोंड मिटले. एका अर्थाने हीही निष्ठाच होती. वरिष्ठाचा बचाव करणारी माणसे पोलीस खात्यात नेहमीच भेटतात आणि त्यांना वाईट म्हणता येत नाही. पण त्याच निष्ठेने एका अधिकाऱ्याच्या गळ्यात फास अडकवला, हे नाकारता येणार नाही.

स्कॉटलंड यार्डातले वातावरण याच्या अगदी उलट होते. व्हिचर यांच्या पराभवाने शाखेतल्या प्रत्येकाची मान खाली गेली होती. डिटेक्टिव्ह हा नीच पेशा आहे, असे म्हणणाऱ्यांना हवी ती संधी मिळाली होती. अशा वेळी सहकारी सहसा काय करतात? अंतर राखतात. आपल्याकडे एखाद्या अधिकाऱ्याला ‘साइड पोस्टिंग’ मिळाली की त्याच्या टेबलाभोवतीची गर्दी आपोआप विरळ होते. यार्डात तसे घडल्याचे दिसत नाही. आयुक्त मेन यांनी व्हिचर यांच्यावर कारवाई केली नाही. व्हिचर यांनी ब्रिस्टलच्या पोलीस अधीक्षकांना, म्हणजे त्यांच्या जुन्या सहकाऱ्याला, पत्र लिहून आपला तर्क पुन्हा सविस्तर मांडला. कॉन्स्टन्सबद्दलचे आपले मत त्यांनी बदलले नव्हते. त्यांचे मित्रही ते बदलायला सांगत नव्हते. विल्यमसन यांनी तर रोडच्या त्या दिवसांत सगळे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते.

तरीही व्हिचर यांचा आत्मविश्वास खचला होता. जून १८६१ मध्ये सरे परगण्यातल्या किंग्जवूड येथे एका स्त्रीचा खून झाला. तपास व्हिचर यांच्याकडे आला. एका जर्मन तरुणाविरुद्ध पुरावा उभा राहिला; पण खटल्यात तो निर्दोष सुटला. एकाच वर्षाच्या अंतराने हा दुसरा तडाखा होता. त्याच वर्षी थॉर्नटन अचानक वारले आणि पहिल्या पिढीतला व्हिचर यांचा सर्वांत निकटचा साथीदार गेला. १८६२ मध्ये ते आणि अधीक्षक वॉकर पोलिसी व्यवस्थेबद्दल सल्ला देण्यासाठी वॉर्सॉला गेले. यार्डाने त्यांना अडगळीत टाकले नव्हते, हे यावरून दिसते. पण मन उरले नव्हते.

मार्च १८६४ मध्ये, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, प्रकृतीच्या कारणास्तव व्हिचर निवृत्त झाले. वैद्यकीय नोंदीत त्यांना मेंदूत रक्त साठण्याचा विकार असल्याचे म्हटले होते. त्या काळी अति श्रम, चिंता आणि मानसिक थकवा यांना सरसकट हेच नाव दिले जाई. वर्षाला सुमारे १३३ पौंड निवृत्तिवेतन घेऊन डिटेक्टिव्हांचा राजा घरी बसला.

वर्षभरात अघटित घडले. २५ एप्रिल १८६५ रोजी काळी वस्त्रे परिधान केलेली एक तरुणी ब्रायटनच्या एका धर्मगुरूसह लंडनच्या बो स्ट्रीट न्यायालयात आली आणि तिने कबुली दिली. ती कॉन्स्टन्स केंट होती. ब्रायटनच्या धार्मिक आश्रमात राहत असताना तिचे मन पालटले होते. सॅव्हिलचा खून आपणच केला, वडिलांच्या कपाटातला वस्तरा त्यासाठी वापरला आणि रक्ताने भरलेला झगा पुढे जाळून टाकला, असे तिने सांगितले. टोपलीतून झगा परत काढून घेण्याची हकिगतही व्हिचर यांनी पाच वर्षांपूर्वी मांडलेल्या तर्काशी जुळत होती. तिला त्या दिवशी ताब्यात घेऊन विल्टशायरला नेण्याची जबाबदारी ज्या निरीक्षकावर आली, ते होते डॉली विल्यमसन. ज्या मुलीला सोडावे लागले म्हणून आपले गुरू उद्ध्वस्त झाले, तिला घेऊन त्याच दिशेने पुन्हा प्रवास करताना त्यांच्या मनात काय असेल, याची कल्पना कोणालाही करता येईल.

जुलै १८६५ मध्ये सॅलिसबरी येथे खटला झाला. कॉन्स्टन्सने गुन्हा कबूल केल्यामुळे तो काही मिनिटांतच आटोपला. न्यायाधीशांनी फाशीची शिक्षा सुनावली. पुढे ती जन्मठेपेत बदलली गेली. वीस वर्षे तुरुंगात काढून ती १८८५ मध्ये सुटली, नाव बदलून ऑस्ट्रेलियाला गेली आणि परिचारिका झाली. तिच्या कबुलीत काही गोष्टी जुळत नाहीत, हे अनेक अभ्यासकांनी दाखवले आहे. ती कुणाला, बहुधा विल्यमला, वाचवत होती का, हा प्रश्न आजही विचारला जातो. व्हिचर यांनाही या भावाचा हात असावा असा संशय आलेला होता. विल्यम पुढे सागरी जीवशास्त्रज्ञ म्हणून ऑस्ट्रेलियात नावारूपाला आला.

व्हिचर खरे ठरले. पण खरे ठरण्यास पाच वर्षे उशीर झाला होता. ते निवृत्त झालेले होते आणि गेलेली वर्षे परत मिळणार नव्हती. त्यांची बाजू कधीच न सोडणारे मित्र मात्र या काळात त्यांच्याजवळच होते. पुढे त्यांनी खासगी तपासनीस म्हणून काम सुरू केले आणि त्यांच्या हाती आणखी एक गाजलेले प्रकरण आले. बुडालेल्या जहाजातला बॅरोनेटचा वारस आपण आहोत, असा दावा करणारा ऑस्ट्रेलियातला एक खाटीक १८६६ च्या नाताळात लंडनला उतरला होता. टिचबोर्न घराण्यातल्या लोकांनी व्हिचर यांना नेमले. त्यांनी शोधून काढले की, हा माणूस लंडनला पोहोचताच वॉपिंगच्या एका पबमध्ये जाऊन ऑर्टन नावाच्या कुटुंबाची चौकशी करून आला होता. हाच धागा पुढे वर्षानुवर्षे चाललेल्या खटल्यांत महत्त्वाचा ठरला. १८७४ मध्ये दावेदाराला चौदा वर्षांची सक्तमजुरी झाली. पण तो सामान्य माणसांचा लाडका होता. त्याच्या पाठीराख्यांनी व्हिचर यांच्यावर कटाचे आरोप केले, त्यांना रोड प्रकरणाचे जुने टोमणे मारले. बरोबर असण्याची शिक्षा त्यांना दुसऱ्यांदा भोगावी लागत होती.

दरम्यान विल्यमसन डिटेक्टिव्ह शाखेचे प्रमुख झाले होते. १८७७ मध्ये त्यांच्या वाट्याला जे आले, ते व्हिचर यांच्या दुर्दैवाच्या नेमके उलट होते. हॅरी बेन्सन आणि विल्यम कर या दोन ठकसेनांनी घोड्यांच्या शर्यतींच्या नावाखाली एका श्रीमंत फ्रेंच बाईला दहा हजार पौंडांना गंडवले होते. त्यांच्या पाठीशी यार्डातलेच लोक होते, हे चौकशीत निघाले. मिक्लजॉन, ड्रस्कोविच, पामर आणि क्लार्क हे चार डिटेक्टिव्ह लाच घेऊन गुन्हेगारांना आगाऊ सूचना देत होते, असा आरोप झाला. एका वकिलासह पाच जण ओल्ड बेलीच्या आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहिले. विल्यमसन यांना त्यांच्याविरुद्ध साक्ष द्यावी लागली. हे सगळे त्यांच्याच हाताखालचे लोक. क्लार्क तर अनेक वर्षांचा ज्येष्ठ सहकारी.

नोव्हेंबर १८७७ मध्ये क्लार्क निर्दोष सुटले आणि बाकी चौघांना प्रत्येकी दोन वर्षांची सक्तमजुरी झाली. खात्याची मुळापासून पुनर्रचना झाली आणि एप्रिल १८७८ मध्ये गुन्हे अन्वेषण विभाग अस्तित्वात आला. आज जगभर सीआयडी या तीन अक्षरांनी ओळखला जाणारा हा विभाग असा एका काळ्या प्रकरणातून जन्मला. विल्यमसन यांच्यावर कुणी बोट ठेवले नाही. पण सहकारी लाच घेत असताना साहेबाला काहीच कसे कळले नाही, हा प्रश्न त्यांच्या कारकिर्दीवर कायमचा राहिला. काही अभ्यासकांना वाटते की, ते माणसांवर अधिक विश्वास टाकत. ज्या माणसाने व्हिचर यांच्यासारख्या मित्रावर विश्वास टाकला आणि तो खरा ठरलेला पाहिला, त्याने इतरांवरही तसाच टाकला तर नवल नाही.

व्हिचर यांनी १८६६ मध्ये लग्न केले आणि ते लव्हेंडर हिल भागात राहत होते. त्यांच्या हयातीतच विल्की कॉलिन्स यांनी ‘मूनस्टोन’ (१८६८) ही कादंबरी लिहिली. भारतातून लुटून नेलेल्या हिऱ्याच्या या कथेत रंगाचा डाग पडलेला हरवलेला झगा आहे आणि गुलाबांची लागवड करण्याचे स्वप्न पाहणारा सार्जंट कफ आहे. त्यात रोड प्रकरणाची आणि व्हिचर यांची छाया आहे, हे जाणकारांना लगेच ओळखू आले. कफही आपल्या पहिल्या संशयात चुकतो, पण शेवटी त्याला मान मिळतो. केट समरस्केल यांच्या २००८ सालच्या पुस्तकामुळे हा जुना खटला आणि त्यातला विसरलेला माणूस पुन्हा वाचकांसमोर आला.

२९ जून १८८१ रोजी, रोडच्या त्या रात्रीला एकवीस वर्षे पूर्ण होत असताना, व्हिचर यांचे निधन झाले. विल्यमसन यार्डात होते. १८८९ च्या डिसेंबरमध्ये मृत्यू येईपर्यंत ते सेवेतच राहिले. कॉन्स्टन्स केंट शंभरी गाठून १९४४ मध्ये सिडनीत वारली.